आखूड चरण

"पनूला सांगा," शालन म्हणाली, आणि यंत्र बंद पडलं.

पंखे घरघरत थांबले. पडदा काळा झाला. त्या काळ्यात आनंदा वरुटेला आपलंच तोंड दिसलं, चष्मा कपाळावर, दातांत स्क्रू. त्यानं स्क्रू काढून बशीत ठेवला आणि वहीत पेन्सिलीनं लिहिलं : सकाळी पावणेबारा. वेळ सतरावी. शब्द, पनूला सांगा.

मग मागं वळून बघितलं. खिडकीखालच्या खाटेवर शालन उशीला टेकून बसली होती. ओठ मिटलेले, उजवीकडं जरा ओघळलेले. तिनं तोंडानं काही म्हटलंच नव्हतं. गेल्या दिवाळीत मेंदूच्या डाव्या अंगाला रक्ताची गाठ अडकली आणि उजवा हात, उजवा पाय, वाचा, तिन्ही एका सकाळीत गेली. आता जे म्हणायचं ते टेबलावरचा हा काळा डबा म्हणायचा. आवाज मात्र तिचाच होता. जुन्या फोनमधल्या लग्नघरच्या व्हिडिओंतून, बायकांच्या गलक्यातून निवडून काढलेला, तांदळातून खडे निवडावेत तसा.

"काय सांगू पनूला?" आनंदानं विचारलं.

शालननं डोळे मिटले. डावा हात चादरीवर गोल फिरला, एकदा, दोनदा, आणि थांबला.

डबा त्यानं स्वतः जोडला होता. बत्तीस वर्षं तो इचलकरंजीच्या मागांवर जॉबर होता. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. शेडच्या दारात उभं राहून नुसत्या खडखडाटावरून कुठला माग आजारी आहे ते तो सांगायचा. इस्पितळानं शालनच्या मेंदूवर जाळी बसवली, भाषा उलगडायचा प्रोग्रॅम दिला, आणि कंपनीचा तयार डबाही पुढं केला. पण तो डबा एकेक गोष्ट दूरच्या कुठल्या तरी मोठ्या यंत्राकडं पाठवायचा, तिथं ती उलगडायची आणि परत यायची. आनंदाला ते काही पटेना.

"म्हणजे हिच्या मनातलं आधी परमुलखात जाणार आणि मग माझ्या कानावर येणार? नको. घरातलं घरात राहू दे."

वाचा शिकवायला येणाऱ्या मुजावर मॅडम हसल्या होत्या. "मग काका, दमदार कॉम्प्युटर पाहिजे घरात. चालेल तोही."

त्यानं कोल्हापुरातून एकेक भाग आणला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून चार दिवस जुळणी केली. पहिल्यांदा डबा सुरू झाला आणि शालनच्या आवाजात पहिलं वाक्य आलं, "अहो, पसारा आवरा आधी," तेव्हा तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच उभा राहिला.

जाळीची गोष्ट अशी. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा ओठ हलायच्या आधी मेंदूतून हुकूम सुटतात. जीभ वर, ओठ बंद, घशात कंप. शालनचे हुकूम अजून सुटत होते, फक्त वाटेत हरवत होते. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती पातळ जाळी हे हुकूम उगमाशीच टिपायची आणि डबा त्यांचे शब्द करायचा. पण अंगात काटा रुतला की शरीर त्याच्याभोवती कातडं धरतं. जाळीभोवतीही धरतं. दिवसागणिक टिपणं मंद होत जातं. डॉक्टरांनी बसवायच्या आधीच सांगितलं होतं, शंभर दिवस धरून चाला, कुणाला त्याहून कमी. दुसऱ्यांदा जाळी बसवता येत नाही.

आज एकसष्टावा दिवस होता.

बारीकसारीक बोलणं बिनबोभाट चालायचं. चहा गुळमाट झालाय. दाढी करा, बघवंना. शेजारच्या सुमनला आत घेऊ नका, ती रडायलाच येते. आनंदा डबा उघडून बसला की ती खाटेवरून टोमणा हाणायची, "माग न्हवं हा. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"बत्तीस वर्षं माझ्या हाताखालचा माग दुरुस्त झाल्याशिवाय राहिला न्हाई."

"व्हय. आणि घरातलं घड्याळ सात वर्षं बंद हाय."

तो हसायचा. मग ती गप्प व्हायची, खिडकीकडं बघायची. "पनूला सांगा," असं यायचं. आणि बंद.

पनू म्हणजे प्रणोती, एकुलती एक. कोइमतूरला कापडाच्या यंत्रांच्या कंपनीत होती. चार वर्षांपूर्वी तिथल्याच सेल्वनशी तिनं नोंदणी करून लग्न केलं आणि घरी सांगायला पंधरा दिवस उशीर केला. तोवर शालननं तो फोटो सुमनच्या फोनवर बघितला होता. लेकीच्या गळ्यात हार होता, गालावर हळद नव्हती. शालनला जात कळाली, भाषा कळाली, कशाचंच काही वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हळद कुणी दळली तिची?"

कारण साऱ्या गल्लीच्या हळदी शालनच दळायची. लग्नाआधी घाणा भरायचा, जात्याला सुपारी बांधायची, पाच सवाष्णींनी दांड्याला हात लावायचा आणि शालननं ओवी उचलायची. जागच्या जागी, त्या त्या नवरीच्या नावानं बांधलेली नवी ओवी. स्वतःच्या लेकीसाठी ती कित्येक वर्षं मनात बांधत आली होती आणि कुणाला ऐकवत नव्हती. फोटो बघितल्या दिवसापासून ती पनूशी बोलली नाही. फोन आनंदाकडंच यायचा. शालन उठून स्वयंपाकघरात जायची आणि उगाच भांडी घासायची.

आता तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि यंत्र सांगू देत नव्हतं.

आनंदानं रॅमच्या चार पट्ट्या एकेक करून काढल्या, एकेक दिवस चालवून बघितलं. प्रत्येक दिवशी बंद. प्रोसेसरवरचा लेप पुसून नवा लावला. बंद. सगळा प्रोग्रॅम पुसून पुन्हा चढवला, तेव्हा शालनची ओळख नव्यानं शिकण्यात डब्यानं तीन दिवस घालवले. ते तीन दिवस घर इतकं मुकं झालं की घड्याळ बंद असल्याचंही ऐकू यायला लागलं. चौथ्या दिवशी पुन्हा "पनूला सांगा," आणि बंद.

मग त्याचा संशय गल्लीवर गेला. शेडमध्ये हवेवर चालणारे नवे माग आले होते. त्यांची पाळी सुरू झाली की घराघरातले दिवे मंदावायचे. त्यानं स्टॅबिलायझर आणला. अंगणात कंबरभर खड्डा खणून मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी घालून नवं अर्थिंग केलं. सुमननं कुंपणावरून विचारलं, "भाऊजी, झाड लावताय?"

"व्हय," तो म्हणाला. "आवाजाचं."

बंद.

पंचाहत्तराव्या दिवशी मुजावर मॅडम आल्या. डब्यातली नोंद त्यांनी मागं-पुढं करून बघितली. नोंदीत एक लाट दिसत होती, बोलताना ठेचाळत जाणारी. बंद पडायच्या क्षणाआधी मात्र ती एकदम गुळगुळीत, उंच झाली होती.

"काका, हे बोलणं नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "मावशी गातायत."

आनंदानं वळून खाटेकडं बघितलं.

"बोलणं मेंदूच्या डाव्या अंगाचं काम. तिथं मावशींची पडझड झालीय, म्हणून एकेक शब्द ओढून काढावा लागतो. गाणं दोन्ही अंगांनी येतं. उजवं शाबूत आहे ना? ज्यांना पाणी म्हणता येत नाही तेही गाणं म्हणून जातात. मावशींना जे मोठं सांगायचंय ते त्या गाण्यातूनच सांगू शकतात. पण चाल लागली की जाळीच्या दोन्ही बाजू एकदम बोलायला लागतात, सगळं एका क्षणात उलगडावं लागतं. तो भार तुमच्या डब्याला पेलत नाहीये. का, ते मला नाही सांगता यायचं. मी वाचेची, वायरीतलं मला नाही कळत."

"मग करायचं काय?"

"प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. सलग. ती लावली की भार निम्मा होतो, दोन्ही बाजू पूर्ण उलगडत नाही. जिथं कळलं नाही तिथं अंदाजानं शब्द भरतो. पडद्यावर मावशींचे शब्द काळे दिसतील, भरलेले राखाडी. पडद्यावर लक्ष ठेवा मात्र, काका."

आनंदानं सलग लावलं. यंत्र बंद पडलं नाही.

दुपारी त्यानं कोइमतूरला फोन लावला, स्पीकर खाटेजवळ ठेवला आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला, मायलेकींच्यामधी कशाला म्हणून.

"पनू," डब्यातून शालनचा आवाज आला. "तू सुखी राहा. झालं गेलं विसरून जा. मी तुला माफ केलं."

पलीकडं हुंदका. मग, "आई... आई गं... मी येते. रजा मिळाली की येते. तू बोलत राहा फक्त."

आनंदानं दाराच्या चौकटीवर कपाळ टेकलं. जमलं, बायो, तो मनात म्हणाला. जमवलं की नाही तुझ्या जॉबरनं.

नंतरचे दोन दिवस डबा अखंड बोलत होता. आज हवा छान आहे. मला बरं वाटतंय. आनंदा खुशीत होता. तिसऱ्या सकाळी त्यानं चहा दिला, आणि डबा म्हणाला, "धन्यवाद, तुम्ही माझी किती काळजी घेता."

आनंदाच्या हातातली बशी तशीच राहिली. अडतीस वर्षांच्या संसारात शालननं त्याला एकदाही धन्यवाद म्हटलं नव्हतं. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि डावी मूठ खाटेच्या पट्टीवर आपटत होती. ठक, ठक, ठक. तो आवाज त्याला ठाऊक होता. माग बिघडल्याचा.

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्यावर मागची नोंद काढली. चहाचं वाक्य सगळं राखाडी. हवेचं सगळं राखाडी. त्यानं नोंद आणखी मागं सरकवली. फोनवरचं बोलणं वर आलं.

"पनू" एवढंच काळं होतं. पुढचं सगळं राखाडी.

तो खुर्चीत बसला. मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्याला एक पातळ पत्र्याची पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की पट्टी पडते, माग आपोआप थांबतो. तरुणपणी एकदा एक माग फार थांबायला लागला, मालक ओरडायला लागला, म्हणून त्यानं थांबवणारा दांडा सुतळीनं बांधून टाकला होता. माग छान पळाला. दोन दिवसांनी कापडाचं ठाण उलगडलं तेव्हा आरपार एक रेघ निघाली, सबंध लांबीभर एक धागा नव्हता. त्या दिवशी त्याच्या उस्तादानं एवढंच विचारलं होतं, "थांबत होता, तर का थांबतोय ते विचारलंस का त्याला?"

"शालन," तो खाटेजवळ गेला. "ते तू बोलली न्हाईस व्हय?"

मूठ थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता की नुसता थकवा, त्याला कळेना. विचारायची सोयही त्यानंच बिघडवली होती.

त्यानं सलग काढून टाकलं. डबा पुन्हा बंद पडायला लागला, आणि तो प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करायला लागला. आता तो वहीत वेळ नव्हता लिहीत, फक्त हाती लागलेले काळे शब्द लिहायचा. कधी चार सेकंद मिळायचे, कधी दहा. कधी अर्धा दिवस जायचा आणि एक अक्षर यायचं. दहा दिवसांत वहीत एवढं जमलं :

लेक गेली न सांगता
दार ठेवून उघडं
माझा हळदीचा हात

ओवीला तीन चरण लांब असतात आणि चौथा आखूड. लांब चरणांतून बाई सगळीकडं हिंडून येते, आणि आखडत्या चरणात मनातलं ठेवून मोकळी होते. तो चौथा काही मिळेना. तिथवर पोचलं की डबा बंद. आणि पडद्यावरची लाट रोज जरा बुटकी होत होती.

पनूला खरं सांगायला त्यानं तीनदा फोन उचलला. तिन्ही वेळा ती आधी बोलली. "आण्णा, मी चार वर्षांत पहिल्यांदा नीट झोपले." तो म्हणाला, "बरं झालं बाळा." आणि ठेवला.

एक्क्याण्णवाव्या दिवशी, रविवारी, टळटळीत दुपारी पनू आली. दारात चपला काढल्या, सरळ खाटेकडं गेली, आईच्या पायांवर डोकं ठेवलं. शालनचा डावा हात तिच्या केसांवर आला.

"आई, तू माफ केलंस म्हणालीस ना, मी ते रोज..."

केसांवरचा हात थांबला. शालनचे डोळे आनंदाकडं वळले. पनूनंही वळून बघितलं.

"आण्णा? काय झालं?"

"ते ती न्हाई बोलली," आनंदा म्हणाला. "यंत्रानं भरलं. तिचा शब्द एकच. पनू."

"मग मी रडले कुणापुढं?"

त्यानं वही पुढं केली. पनूनं तीन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. "आणि पुढं?"

"पुढं डबा बंद पडतो."

तिनं डोळे पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि डब्याचं झाकण काढलं. अगदी शालन भांड्यांना बसायची तशी बसली. दोनच मिनिटांत तिचं बोट एका वायरीवर थांबलं. शब्द उलगडायचं जड काम करणाऱ्या मोठ्या कार्डाला दोन ठिकाणी वीज लागत होती, आणि दोन्ही ठिकाणी एकाच वायरीची दोन तोंडं बसवलेली होती.

"आण्णा, खोक्यात अशीच दुसरी वायर आली असेल. कुठाय ती?"

"हाय की. कपाटात." त्यानं लगबगीनं आणली. प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून, वर चिठ्ठी चिकटवलेली : जादा वायर. "एकाच वायरीला दोन तोंडं होती. काम भागत होतं, मग दुसरी कशाला वाया घालवायची म्हणून जपून ठेवली."

पनू त्या चिठ्ठीकडं बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"साधं काम असलं की एका वायरीवर भागतं," ती शेवटी म्हणाली. "आई गायला लागली की कार्ड एका क्षणात दुप्पट ओढतं. एक वायर पुरत नाही. आतला वीज पुरवणारा भाग ते ओळखतो आणि काही जळू नये म्हणून स्वतःला बंद करतो. बिघाड नव्हता, आण्णा. तो बरोबर थांबत होता."

"बरोबर थांबत होता," आनंदा पुटपुटला.

दहा मिनिटांत वायर बसली. पंखे फिरले. पडदा उजळला. आनंदानं शालनच्या कानामागची, जाळीनं टिपलेलं डब्याकडं पाठवणारी छोटी चकती जागेवर आहे का बघितलं आणि तिघं पडद्याकडं बघत राहिली.

"पनू," डबा म्हणाला. काळा शब्द. शालनच्या डाव्या हातानं चादरीवर गोल धरला.

लाट उठली. गुळगुळीत, गाण्याची. पण किती बुटकी. एक लांब, दुसरी लांब, तिसरी लांब, आणि एक आखूड. पंखे जोरात फिरले, डबा सगळा भार पेलत होता, आणि शब्दांच्या जागी नुसती टिंबं उमटत होती. आनंदानं मुजावर मॅडमना फोन लावून लाटेची उंची वाचून दाखवली. पलीकडून त्या म्हणाल्या, "काका, शब्द ओळखायला जेवढी लागते त्याच्या खाली गेलीय. चाल कळेल आता. शब्द नाही कळायचे."

पुन्हा लाट. तीन लांब, एक आखूड. पुन्हा.

पनूनं वही मांडीवर घेतली आणि लाटेबरोबर हलक्या आवाजात म्हणायला लागली. लेक गेली न सांगता. दार ठेवून उघडं. माझा हळदीचा हात. आखूड लाट आली, ती गप्प राहिली. लाट विरली.

हळदीचा हात काय? लेकीच्या गाली? दाराच्या चौकटीला? की रिकामाच? आनंदानं बत्तीस वर्षं तुटलेली टोकं शोधून गाठी मारल्या होत्या. हे टोक खाटेवर, हाताच्या अंतरावर होतं.

"आण्णा," पनू पडद्यावरच्या कोपऱ्याकडं बघत म्हणाली, "ते सलग लावलं तर शेवटचं भरेल?"

"भरेल. गोडच भरेल. तिचं नसेल."

पनूचं बोट बटणावर गेलं, थोडा वेळ तिथंच राहिलं, मग तिनं ते मागं घेतलं. खाटेवर चढून ती आईच्या डाव्या अंगाला बसली. चादरीवर गोल फिरणारा तो हात तिनं वरून धरला, जात्याच्या दांड्याला दुसऱ्या बाईनं हात लावावा तसा. दोन हात एकत्र फिरायला लागले. शालननं डोळे मिटले होते. गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते कशाचं, हे सांगणारं आता घरात काहीच नव्हतं.

आनंदानं बशीतले स्क्रू उचलले, झाकण लावलं, चारही कोपरे नीट आवळले. करण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा खुर्ची ओढून तो पडद्यासमोर बसला. तीन लांब, एक आखूड. तीन लांब, एक आखूड.

संध्याकाळ होईपर्यंत यंत्र एकदाही बंद पडलं नाही.